बस कंडक्टरपासून चोवीस तासांच्या हिशेबापर्यंत

लंडनच्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसून असायचा आणि कंडक्टर तिकिटं देत सतत जिना चढायचा-उतरायचा. दोघांपैकी ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त होतो, हे ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये मांडलं. बैठ्या दिनक्रमाचा अभ्यास खऱ्या अर्थाने इथून सुरू झाला. पण तेव्हा काळजी होती ती हृदयाची, आणि तीही मोठ्या माणसांच्या. वाढत्या वयातल्या मनाचा विचार व्हायला पुढे कित्येक दशकं जावी लागली.

झोपेचा अभ्यास वेगळ्याच वाटेने चालला होता. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात झोपेच्या अभ्यासक मेरी कार्सकॅडन यांनी मुलांसाठी उन्हाळी झोप-शिबिर सुरू केलं. वय वाढेल तशी झोप कमी लागत असणार, असा तेव्हाचा समज. शिबिरात रात्री दहा तास अंथरुणात पडून राहायची मुभा असे. दिवसा ठरावीक वेळाने मुलांना अंधाऱ्या खोलीत आडवं करून, डोळा लागायला किती मिनिटं जातात ते मोजत. मुलं मोठी झाली तरी रात्रीची झोप नऊ तासांच्या आसपासच राहिली. दिवसाची पेंग मात्र वाढली. वयात येताना शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकतं, म्हणजे रात्री झोप उशिरा येते आणि सकाळी जागही उशिरा येते, हेही नंतर कळलं. अशा मुलाला आळशी ठरवणं अन्यायाचं आहे. हेच ध्यानात घेऊन अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या एडायना शहराने १९९६ मध्ये हायस्कूलची वेळ सकाळी ७:२० वरून ८:३० वर नेली.

या वाटा एकत्र आल्या त्या उशिरा. कॅनडाने २०१६ मध्ये हालचाल, बसणं आणि झोप यांची एकच मार्गदर्शिका काढली: रोज किमान तासभर दम लागेल अशी हालचाल, करमणुकीसाठी स्क्रीन जास्तीत जास्त दोन तास, आणि १४ ते १७ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप. चोवीस तासांत एक गोष्ट वाढली की दुसरी घटणारच, हा त्यामागचा साधा हिशेब.

मनाच्या बाजूने महत्त्वाचा पुरावा २०२० मध्ये आला. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरात नव्वदीच्या सुरुवातीला जन्मलेल्या ४,२५७ मुलांची हालचाल १२, १४ आणि १६ व्या वर्षी अंगावरच्या यंत्राने मोजली होती आणि १८ व्या वर्षी नैराश्याची लक्षणं तपासली होती. बाराव्या वर्षी रोज तासभर जास्त हलकी हालचाल करणाऱ्यांत लक्षणांचे गुण सुमारे १० टक्क्यांनी कमी आढळले. हलकी म्हणजे रमतगमत चालणं, घरातली कामं. मैदानावर न रमणाऱ्या मुलांसाठी मला हे फार मोलाचं वाटतं. कार्यकारणभाव यातून सिद्ध होत नाही. उदास मूल आपोआपच खोलीत बसून राहतं, रात्र रात्र जागतं. म्हणूनच हालचालीची मोजणी लक्षणांच्या कित्येक वर्षं आधी झाली होती, याला वजन आहे.