झोपेची थकबाकी

आठवडाभर पाच-पाच तास झोपायचं आणि सुटीच्या दिवशी उशिरापर्यंत लोळून सगळं भरून काढायचं, हा हिशेब इतका अंगवळणी पडला आहे की तो तपासून बघावा असं कुणाला वाटतही नाही. राहिलेली झोप म्हणजे उधारी, आणि उधारी एकरकमी फेडता येते, हे आपण गृहीत धरलेलं असतं. हा समज आपसूक आलेला नाही. झोपेच्या अभ्यासातच बरीच वर्षं तसं मानण्यासारखे पुरावे पुढे येत होते.

झोप मोजायचा एक अगदी जुना प्रयत्न १८६२ सालचा आहे. एर्न्स्ट कोलश्युटर या जर्मन संशोधकाने झोपलेल्या माणसाजवळ लंबकाचे ठोके वाजवले आणि रात्रीच्या कोणत्या प्रहरी किती मोठा आवाज झाला की जाग येते, ते टिपलं. पहिल्या तासाभरात झोप सर्वांत गाढ असते आणि नंतर ती पातळ होत जाते, असं त्यात दिसलं. त्या काळी ही नुसती एक मजेशीर नोंद होती. तिचा अर्थ लागायला सव्वाशे वर्षं जावी लागली.

झोप पूर्ण तोडली तर काय होतं, हे रशियन डॉक्टर मारिया मानासेइना यांनी १८९४ मध्ये रोमच्या वैद्यकीय परिषदेत सांगितलं. त्यांनी कुत्र्याची पिल्लं सतत जागी ठेवली होती. खायला-प्यायला मिळत असूनही ती चार-पाच दिवसांत दगावली. वीस-पंचवीस दिवस उपाशी ठेवलेली पिल्लं मात्र पुन्हा खायला घातल्यावर वाचू शकत होती. प्रयोग वाचवत नाही इतका क्रूर आहे, पण झोपेची गरज भुकेपेक्षा निकडीची असल्याचं त्यातून पहिल्यांदा लख्ख दिसलं.

दोनच वर्षांनी, १८९६ मध्ये, आयोवा विद्यापीठात पॅट्रिक आणि गिल्बर्ट यांनी तीन तरुणांना ९० तास जागं ठेवलं. त्यांची स्मरणशक्ती ढासळली, हालचाली मंदावल्या, एकाला तर नसलेल्या गोष्टी दिसू लागल्या. मग त्यांना झोपू दिलं आणि ते ताजेतवाने उठले. बुडालेल्या तासांचा हिशेब मांडल्यावर कळलं, की त्यांनी त्यातला थोडाच भाग भरून काढला होता. तरीही ते ठणठणीत दिसत होते.

माझ्या मते चुकीच्या वळणाची सुरुवात इथे झाली. प्रयोग चोख होता. पण त्यात तपासलं गेलं होतं ते एकदाच केलेलं मोठं जागरण. रोज थोडी-थोडी झोप कापली जाते तेव्हा काय होतं, हा वेगळा प्रश्न होता आणि तो बराच काळ मागे पडला.

मधल्या काळात इतर कामं झाली. शिकागो विद्यापीठात नॅथानिएल क्लाइटमन यांनी स्वतःसह अनेकांवर जागरणाचे प्रयोग केले. रात्रभर जागलेल्या माणसाला पहाटे अनावर झोप येते, पण दिवस वर आला की तोच माणूस जरा सावरतो. झोप तर अजून मिळालेलीच नसते! म्हणजे साठत जाणाऱ्या झोपेच्या तुटीशिवाय आणखी काहीतरी, शरीराचं स्वतःचं घड्याळ, कामाला लागलेलं असतं. त्याचा माग काढायला १९३८ मध्ये ते एका सहकाऱ्यासोबत अमेरिकेतल्या मॅमथ केव्ह या गुहेत ३२ दिवस राहिले आणि तिथे २८ तासांचा 'दिवस' पाळून पाहिला. तरुण सहकारी त्या वेळापत्रकाला सरावला. क्लाइटमन यांचं शरीर मात्र २४ तासांना चिकटून राहिलं.

एकरकमी फेडीचा समज सगळ्यात घट्ट झाला तो जानेवारी १९६४ मध्ये. सॅन डिएगोमधला सतरा वर्षांचा रँडी गार्डनर शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी २६४ तास, म्हणजे अकरा दिवस, जागा राहिला. झोपतज्ज्ञ विल्यम डिमेंट त्याच्यावर लक्ष ठेवून होते. प्रयोग संपल्यावर तो चौदा तासांहून थोडा जास्त झोपला आणि उठून हिंडू-फिरू लागला. अकरा रात्रींची बाकी एका झोपेत फिटली, असंच कुणालाही वाटलं असतं.

ती फिटते कशी, याचं बरंचसं उत्तर झुरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये दिलं. झोपेचं गणित नुसत्या तासांचं नसून खोलीचंही आहे. जागेपणी झोपेचा दाब वाढत जातो. तो जितका जास्त, तितक्या मेंदूच्या संथ, मोठ्या लहरी पुढच्या झोपेत जोमाने उमटतात आणि गाढ झोप आधी वसूल केली जाते. कोलश्युटर यांच्या पहिल्या तासाचा अर्थ इथे लागला. आयोवाच्या तरुणांचं कमी तासांत कसं भागलं, तेही उमगलं. या दाबामागचं एक रसायन म्हणजे अ‍ॅडेनोसिन. प्राणी जागा असतो तेव्हा मेंदूच्या काही भागांत ते वाढत जातं, असं १९९७ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगात दिसलं. कॅफिन अ‍ॅडेनोसिनच्या जागा अडवून बसतं. त्यामुळे तरतरी येते, पण बाकी एका पैशानेही कमी होत नाही.

रोजच्या तुटीचा प्रश्न मात्र तसाच होता. १९७४ मध्ये वेब आणि अ‍ॅग्न्यू यांनी काही तरुणांना ६० दिवस साडेपाच तासांवर ठेवलं. फारसं बिघडलेलं दिसलं नाही. फक्त दीर्घकाळ लक्ष लावून करायच्या चाचणीत ते मागे पडले. तो 'फक्त' किती महत्त्वाचा होता, हे नंतर कळलं. मेरी कार्स्कॅडन आणि डिमेंट यांनी १९८१ मध्ये वेगळी फूटपट्टी वापरली. दिवसा ठरावीक अंतराने अंधाऱ्या खोलीत आडवं व्हायला सांगायचं आणि किती मिनिटांत डोळा लागतो ते मोजायचं. सात रात्री पाच-पाच तास झोपलेल्या तरुणांचा डोळा दिवसागणिक लवकर लागू लागला. बाकी साठते, हे आता आकड्यांत दिसत होतं.

मग २००३ साल उजाडलं. हान्स व्हॅन डाँगेन, डेव्हिड डिंजेस आणि सहकाऱ्यांनी ४८ निरोगी प्रौढांवर केलेला प्रयोग मला या सगळ्या इतिहासाचा गाभा वाटतो. काहींना १४ रात्री चार तास, काहींना सहा, काहींना आठ तास अंथरुणात; एक गट सलग तीन रात्री पूर्ण जागा. पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायचं, एवढंच काम. आठ तासवाले बहुतेक स्थिर राहिले. चार आणि सहा तासवाल्यांच्या चुका मात्र रोज वाढत गेल्या आणि दोन आठवड्यांअखेर एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतक्या झाल्या. सहा तास झोपणारे आपल्या आसपास किती असतील!

त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आहे. किती झोप येते आहे असं रोज विचारलं जाई, तेव्हा पहिल्या काही दिवसांनंतर त्यांची उत्तरं फारशी बदलली नाहीत. कामगिरी घसरत होती आणि त्यांना वाटत होतं, जमलं आता. 'मला सहा तास पुरतात' असं मनापासून सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला ते कळण्याची सोयच उरलेली नसते.

त्याच वर्षी ग्रेगरी बेलेन्की यांच्या गटाने फेडीची बाजू तपासली. सात दिवस तीन, पाच, सात किंवा नऊ तास, आणि मग तीन रात्री आठ तास. ज्यांची झोप कापली होती, ते तीन रात्रींनंतरही मूळ पातळीवर परतले नाहीत. गार्डनरच्या चौदा तासांची कहाणी इथे अपुरी पडते. २०१९ मध्ये कोलोरॅडोतल्या संशोधकांनी सुटीच्या झोपेकडे मोर्चा वळवला. आठवडाभर कमी झोप, दोन दिवस हवी तितकी आणि पुन्हा कमी, असं करणाऱ्यांच्या शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद तरीही खालावला. वर त्यांचं आतलं घड्याळही उशिरावर सरकलं.

बाकी फिटतच नाही असं मात्र नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला थॉमस वेअर यांनी काही निरोगी माणसांना चार आठवडे रोज १४ तास अंधारात विश्रांती घ्यायला लावली. पहिल्या रात्रींत ती दहा-अकरा तास झोपली. आपल्यावर काही थकलेलं आहे, अशी त्यांची तक्रार नव्हती, तरी शरीर वसूल करत होतं. मग जादा झोप रात्रीमागून रात्री कमी होत गेली. चौथ्या आठवड्यात रात्रीची एकूण झोप सव्वाआठ तासांच्या आसपास स्थिरावली. अंधार अजून १४ तासांचाच होता.