ओक अ‍ॅलीचा वाडा आणि अंत्वानचं कलम

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात, मिसिसिपीच्या पश्चिम काठावर व्हॅशरी नावाचं गाव आहे. तिथला ओक अ‍ॅलीचा वाडा बहुतेकांनी फोटोत तरी पाहिलेला असतो. नदीच्या बांधापासून वाड्यापर्यंत ओकच्या दोन समांतर रांगा, मिळून २८ झाडं, वर एकमेकींत गुंतलेल्या फांद्या आणि त्या २४० मीटर सावलीच्या टोकाला पांढरे खांब. हा वाडा जीर्णोद्धार करून उभा केलेला आहे. त्याच्या आवारात घडलेली सगळ्यात मोलाची गोष्ट मात्र फोटोत येत नाही. ती आहे एका गुलाम माळ्याने बांधलेलं कलम.

ही झाडं वाड्याच्याही आधीची समजली जातात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कुणा फ्रेंच वसाहतकाराने ती लावली, असं पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं. वाड्याचा इतिहास मात्र कागदोपत्री आहे. १८३० साली ही जमीन व्हाल्कूर एम याने घेतली. त्या भागात त्याला साखरेचा राजाच म्हणत. १८३६ मध्ये त्याने ती आपला मेहुणा झाक तेलेस्फोर रोमन याला दुसऱ्या मिळकतीच्या बदल्यात दिली. रोमन घराण्याचं वजन मोठं होतं. झाकचा भाऊ आंद्रे राज्याचा गव्हर्नर होता. १८३७ ते १८३९ या दोन वर्षांत वाडा बांधून झाला. चारही बाजूंना रुंद पडव्या आणि भोवती डोरिक या जुन्या ग्रीक शैलीचे २८ खांब. रोमनने त्याला ‘बों सेजूर’ असं फ्रेंच नाव दिलं, पण बोटीतून जाणारे लोक त्याला झाडांवरूनच ओळखत, आणि टिकलं तेच नाव: ओक अ‍ॅली, म्हणजे ओकच्या झाडांची वाट.

बांधकामाला राबले ते गुलाम. विटाही त्यांनीच आवारात पाडल्या. ऊसही त्यांनीच पिकवला, तोडला, गाळला. लुइझियानात हिवाळ्यात हिमतुषार पडतात आणि उभा ऊस हातचा जातो, म्हणून तोड सुरू झाली की गाळप रात्रंदिवस चाले. उकळत्या काहिलींपाशी पाळ्या लागत. या ऊसपट्ट्यात गुलामांमध्ये जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होत आणि मळेवाले नवी माणसं विकत आणून संख्या भरून काढत. पांढऱ्या खांबांचा खर्च निघाला तो यातून. जेवणाच्या दालनात टेबलावर अजून एक मोठा लाकडी पंखा टांगलेला आहे. पाहुणे जेवत असताना एका गुलाम मुलाने कोपऱ्यात उभं राहून त्याची दोरी ओढत राहायची. आपल्याकडे साहेबाच्या कचेरीत पंखेवाला असे, त्याच जातीचा हा पंखा.

अंत्वान या मळ्यावरचा माळी. त्याचं आडनाव कागदांत सापडत नाही, कारण गुलामांना बहुधा ते लिहिलंच जात नसे. पेकन हे अक्रोडाच्या कुळातलं झाड मूळचं मिसिसिपीच्या खोऱ्यातलंच. तिथे ते रानोमाळ वाढतं, पण बी लावलं की निघणाऱ्या झाडाचा भरवसा नाही. हापूसची कोय पुरली की हापूसच येईल असं नाही, तसंच हे. एका झाडाची फळं टपोरी, शेजारच्याची बारकी आणि दगडासारख्या कवचाची. शेजारपाजारच्या कोलोंब नावाच्या डॉक्टरांना उत्तम फळाचं एक झाड माहीत होतं. त्याच्या काड्या अंत्वानकडे आल्या. १८४६-४७ च्या हिवाळ्यात त्याने त्या १६ झाडांवर कलम केल्या आणि सगळी कलमं जगली.

पेकनचं कलम धरायला अवघड जातं. खुंटाच्या आणि काडीच्या सालीखालचा जिवंत थर एकमेकांशी नेमका जुळावा लागतो, सांधा सुकता कामा नये आणि हंगामही साधावा लागतो. आंब्याचं कलम स्वतःच्या हाताने बांधलेल्या माणसाला १६ पैकी १६ म्हणजे काय ते लगेच कळेल. ज्या माणसाला स्वतःचा दिवस स्वतःच्या मालकीचा नव्हता, त्याने हे कसब कमावलं होतं. व्यापारी तत्त्वावर पेकनची बाग उभी करण्याची सुरुवात या कलमांपासून धरली जाते. यादवी युद्ध संपेपर्यंत मळ्यावर अशी १२६ झाडं झाली होती.

रोमन १८४८ मध्ये क्षयाने वारला. मागे राहिलेल्या मालमत्तेची यादी झाली आणि जनावरं, अवजारं, फर्निचर यांच्यासोबत माणसांच्याही किमती लिहिल्या गेल्या. अंत्वानची नोंद अशी आहे: वय ३८, माळी, पेकनची कलमं करण्यात तरबेज, किंमत १,००० डॉलर. त्याचं कौशल्य जगाला समजलं ते विक्रीच्या हिशेबातल्या या ओळीमुळे.

पुढची घसरण झपाट्याने झाली. रोमनची बायको सेलिना हिच्या हातून कारभार सुटत गेला, १८५९ मध्ये मुलगा आंरी याने तो हाती घेतला, मग युद्ध आलं आणि गुलामगिरी संपली. १८६६ मध्ये वाडा आणि मळा लिलावात ३२,८०० डॉलरला गेला. पुढच्या मालकांपैकी एकाने कलमी झाडांची फळं १८७६ च्या फिलाडेल्फियातल्या शताब्दी प्रदर्शनात मांडली. तिथे ती नावाजली गेली आणि वाणाला ‘सेंटेनिअल’ हे नाव पडलं. मळ्यावरची मूळ झाडं मात्र बरीचशी तोडली गेली, कारण मालकांना ती जागा उसाला हवी होती.

त्या उसानेही पुढे दगा दिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मोझॅक या विषाणूजन्य रोगाने लुइझियानातला ऊस बसवला. तो सावरला जावा बेटावरच्या आणि आपल्या कोइमतूरच्या पैदास केंद्रातल्या जातींमुळे. को २८१ आणि को २९० या कोइमतुरी जाती तिथल्या शेतकऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर लावल्या. ऊस उत्पादक जिल्ह्यांतल्या मराठी वाचकाला हा धागा जवळचा वाटेल.

पडझड झालेला वाडा १९२५ मध्ये अँड्र्यू आणि जोसेफिन स्ट्यूअर्ट या दांपत्याने घेतला. न्यू ऑर्लिन्सचे वास्तुविशारद रिचर्ड कोख यांच्या देखरेखीखाली त्यांनी तो नीट केला. नदीकाठच्या मोठ्या वाड्यांपैकी असा जीर्णोद्धार झालेल्या पहिल्या काहींमध्ये याची गणना होते. भोवतीच्या जमिनीवर त्यांनी गुरं पाळली. ऊस परत आला तो १९६० च्या दशकात. जोसेफिन १९७२ मध्ये गेल्या. त्यांनी वाडा आणि २५ एकर आवार एका न्यासाकडे सोपवलं, म्हणून ते आज लोकांसाठी खुलं आहे. १९७४ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. त्यामागे वास्तू आणि झाडांइतकंच अंत्वानचं कामही होतं.

तरीही कित्येक वर्षं येणाऱ्यांना दाखवलं जाई ते झाडं, खांब आणि मालकांच्या शयनगृहांतलं सामान. गुलामांची घरं केव्हाच नष्ट झाली होती. जुन्या वस्तीच्या जागी सहा झोपड्या नव्याने बांधून गुलामांच्या आयुष्यावरचं कायमचं प्रदर्शन सुरू झालं ते २०१३ मध्ये. शेतावर राबणाऱ्यांची खोली, घरकामाला असलेल्यांची खोली, आजाऱ्यांची खोली, आणि कागदपत्रांतून सापडलेल्या दोनशेच्या आसपास माणसांची नावं. माझ्या लेखी ओक अ‍ॅलीचा जीर्णोद्धार तोवर अर्धवटच होता.

न्यू ऑर्लिन्सहून मोटारीने तासाभरात इथे पोचता येतं. ह्यूस्टनकडची मराठी कुटुंबं त्या शहराला जातातच. त्यांनी वाट थोडी वाकडी करावी आणि ओकच्या रांगांकडे वळण्याआधी झोपड्या बघाव्यात. त्याच काठावर व्हिटनी नावाचा दुसरा मळा आहे. २०१४ पासून तो पूर्णपणे गुलामांच्या बाजूने इतिहास सांगतो. दोन्ही एका दिवसात होतात.