दुखते ती दाढ की नस?

दात घासताना, तोंडावर पाणी मारताना, कधी नुसता पंख्याचा वारा लागला तरी गालात शॉक बसल्यासारखी कळ येते. काही सेकंदांत ती जाते आणि पुन्हा येते. दुखणं दाढेत जाणवतं, म्हणून रुग्ण दंतवैद्याकडे जातो. दाढ काढली जाते, कळ तशीच राहते. मग शेजारची दाढ काढली जाते. निरोगी दाढा अशा फुकट गमावलेले रुग्ण आजही भेटतात. ते टाळायचं तर चेहऱ्याची संवेदना वाहून नेणाऱ्या ट्रायजेमिनल नसेचा रस्ता माहीत असायला हवा.

मेंदूपासून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी ही पाचवी, आणि कवटीतल्या नसांमध्ये सर्वांत जाड. मेंदूच्या बुंध्यातल्या पॉन्स या भागाच्या बाजूने तिची दोन मुळं निघतात. जाड मूळ संवेदनांचं असतं, बारीक मूळ चावण्याच्या स्नायूंचं. दोन्ही पुढे येऊन कानामागच्या हाडाच्या आतल्या टोकावरच्या एका छोट्या पोकळीत शिरतात. संवेदनांच्या पेशींची गाठ, म्हणजे गँगलियन, याच पोकळीत असते. तिथून तीन शाखा फुटतात आणि कवटीच्या तीन वेगवेगळ्या वाटांनी बाहेर पडतात.

पहिली शाखा डोळ्याच्या खोबणीतून जाते. कपाळ, वरची पापणी, बुबुळावरचा पारदर्शक पडदा आणि नाकाच्या शेंड्यापर्यंतचा मधला पट्टा तिच्याकडे असतो. दुसरी शाखा डोळ्याच्या तळाखालून येते. खालची पापणी, गालाचा पुढचा भाग, वरचा ओठ, वरचे दात, टाळू आणि नाकाच्या आतला बराच भाग तिचा. तिसरी खालच्या जबड्याची: खालचे दात, हनुवटी, खालचा ओठ, कानापुढून कानशिलापर्यंतची त्वचा आणि जिभेच्या पुढच्या दोनतृतीयांश भागाचा स्पर्श. चव मात्र तिची नाही. चवीचे तंतू सातव्या नसेचे असतात, फक्त वाटेत हिच्या शाखेला येऊन मिळतात.

या तिन्ही शाखा त्वचेखाली जिथे हाडातून बाहेर येतात त्या जागा बोटाने सापडतात. समोर बघताना बुबुळातून एक उभी रेषा खाली गेली आहे असं समजा. भुवईच्या हाडावर, नाकाच्या बाजूला थोडं सरकलं की बोटाला खाच लागते. डोळ्याखालच्या हाडाच्या काठापासून साधारण एक सेंटीमीटर खाली दुसरी जागा, आणि खालच्या दुसऱ्या उपदाढेच्या (सुळ्यामागच्या दुसऱ्या दाताच्या) मुळाखाली तिसरी. जोराने दाबलं तर प्रत्येक ठिकाणी विचित्र, पसरत जाणारी कळ येते. सायनसच्या तपासणीत डॉक्टर दाबतात त्यांतल्या दोन जागा याच नसांच्या अगदी जवळ असतात, त्यामुळे तिथे दुखलं म्हणजे सायनसच असं नाही.

जबड्याच्या कोनावरची त्वचा ट्रायजेमिनलच्या हद्दीत येत नाही, तिला मानेतून येणारी नस मिळते. चेहऱ्याचे हावभावही हिच्याकडे नाहीत. हसणं, डोळे मिटणं ही कामं सातव्या नसेची. एका बाजूचं तोंड वाकडं झालं तर बिघाड तिकडे शोधायचा. ट्रायजेमिनलचे हालचालीचे तंतू फक्त तिसऱ्या शाखेतून जातात आणि मुख्यतः चावण्याचे स्नायू चालवतात. ते एका बाजूने कमजोर झाले तर तोंड उघडताना जबडा कमजोर बाजूकडेच सरकतो, कारण चांगल्या बाजूचा स्नायू त्याला तिकडे ढकलतो.

ठेचा खाल्ल्यावर होणारी जिभेची आगही हीच नस मेंदूला कळवते. मिरचीतलं कॅप्सेसिन टीआरपीव्ही१ या प्रथिनाला चिकटतं. हे प्रथिन एरवी साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर उष्णतेने उघडतं, त्यामुळे मेंदूला खरोखरच चटका बसल्याचा निरोप जातो. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली हे प्रथिन शोधलं आणि २०२१ चं नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळालं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. म्हणून घोटभर पाण्याने आग शमत नाही, दूध किंवा दह्याने शमते.

दंतवैद्याच्या खुर्चीत या नसेचा नकाशा रोज कामाला येतो. वरच्या जबड्याचं बाहेरचं हाड पातळ आणि सच्छिद्र असतं. दाताजवळ हिरडीत बधिर करणारं औषध सोडलं की ते झिरपून मुळाशी पोचतं. खालच्या दाढांजवळचं हाड जाड आणि घट्ट, तिथे औषध झिरपत नाही. म्हणून नस हाडात शिरण्याआधीच तिला गाठावं लागतं. जबड्याच्या उभ्या फांदीच्या आतल्या बाजूला एक भोक असतं, नस तिथून हाडात जाते. दंतवैद्य तोंड पूर्ण उघडायला लावतो, अंगठा जबड्याच्या पुढच्या खोलगट कडेवर ठेवतो आणि विरुद्ध बाजूच्या उपदाढांवरून सुई नेतो. दाढांच्या पातळीपेक्षा ६ ते १० मिलिमीटर वर टोचून सुई २० ते २५ मिलिमीटर आत गेली की टोकाला हाड लागतं. मग ती किंचित मागे घ्यायची, रक्त येतं का ते ओढून पाहायचं आणि सुमारे दीड मिलिलिटर लिग्नोकेन, म्हणजे बधिर करणारं औषध, सावकाश, मिनिटभर वेळ घेऊन सोडायचं. सुई मागे घेताना उरलेलं थोडं औषध जिभेच्या नसेसाठी. गालाकडच्या हिरडीची नस वेगळी असते, तिला वेगळी टोच लागते. तीन ते पाच मिनिटांत खालचा ओठ जड झाला की काम झालं.

हुकतं कुठे? हाड फार लवकर लागलं तर सुई जास्त पुढे आहे. हाड लागलंच नाही तर ती फार मागे गेली आहे, आणि तिथे औषध सोडलं तर लाळग्रंथीतून जाणारी सातवी नस बधिर होते. काही तास चेहऱ्याची एक बाजू ढिली पडते, डोळा मिटत नाही. हा लकवा नाही, औषध उतरलं की जातो, पण तोवर डोळा झाकून ठेवावा लागतो. ओठ पूर्ण बधिर आणि दाढ मात्र दुखतेच, असंही होतं. मायलोहायॉइड ही छोटी शाखा भोकाच्या वरूनच फुटते आणि काहींच्या दाढेला तिचेही तंतू पोचतात. मुळाशी पू असेल तर तिथलं आम्ल वाढलेलं असतं. लिग्नोकेनचा नसेच्या आत शिरू शकणारा अंश आम्लात कमी होतो, म्हणून सुजलेली दाढ नीट बधिर होत नाही. लहान मुलांच्या बाबतीत धोका नंतरचा असतो. ओठ दोन-तीन तास बधिर राहतो आणि मूल तो चावून चावून रक्ताळतं. बधिरपणा जाईपर्यंत खायला देऊ नये आणि लक्ष ठेवावं.

खालच्या अक्कलदाढेची मुळं कधी कधी नसेच्या नळीला टेकलेली असतात. ती काढण्याआधीच्या एक्स-रेत नळीची पांढरी रेषा मुळावर तुटलेली दिसली तर थ्रीडी स्कॅन करून घेणं शहाणपणाचं. नस दुखावली तर खालचा ओठ आणि हनुवटी महिनोन् महिने बधिर राहू शकतात.

लहानपणी झालेल्या कांजिण्यांचा विषाणू याच नसेच्या गाठीत वर्षानुवर्षं पडून राहतो आणि वय वाढल्यावर किंवा प्रतिकारशक्ती घटल्यावर नागीण होऊन बाहेर येतो. चेहऱ्यावरची नागीण बहुधा पहिल्या शाखेत उठते. नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर डोळ्याला धोका जास्त, कारण शेंड्याला आणि डोळ्याच्या आतल्या भागांना एकाच उपशाखेचे तंतू जातात. अशा वेळी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. विषाणूविरोधी गोळ्या फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर सर्वाधिक उपयोग होतो.

आता सुरुवातीच्या त्या कळेकडे. तिचं नाव ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया. बहुतेकांमध्ये बिघाड मेंदूला लागून असलेल्या मुळापाशी असतो. तिथली एखादी रक्तवाहिनी, बहुधा लहान मेंदूची वरची धमनी, नसेला टेकते. तिच्या ठोक्यांनी तंतूंभोवतीचं मायलिनचं आवरण झिजतं आणि शेजारशेजारचे उघडे तंतू एकमेकांना चेतवू लागतात. स्पर्शाचा निरोप वेदनेच्या तंतूत शिरतो. म्हणून ओठाला पदर लागला तरी कळ येते आणि जोराने दाबलं तर अनेकदा येत नाही.

दाढेचा ठणका वेगळा. तो तासन् तास टिकतो, गरम-गार लागलं की बराच वेळ राहतो, झोपमोड करतो आणि ती दाढ ठोकली की दुखते. न्यूरॅल्जियाची कळ काही सेकंद, फार तर दोन मिनिटं टिकते, एकाच बाजूला येते, झोपेत क्वचितच येते. कळ कशाने सुरू होते आणि किती वेळ टिकते हे डॉक्टरांना नेमकं सांगावं. दाढेत दोष सापडल्याशिवाय ती काढू देऊ नये.

नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या इथे चालत नाहीत. पहिलं औषध कार्बामॅझेपिन, बहुधा १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू करून हळूहळू वाढवतात. चक्कर आणि गुंगी येते, रक्तातलं सोडियम उतरू शकतं, म्हणून रक्ततपासणी लागते. पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ उठलं किंवा तोंडात फोड आले तर पुढची गोळी न घेता लगेच डॉक्टरांकडे जावं. एचएलए-बी*१५०२ हे जनुक असलेल्यांना त्वचा सोलवटणारी गंभीर प्रतिक्रिया होऊ शकते आणि आशियाई लोकांत हे जनुक जास्त आढळतं.

गोळ्या पुरेनाशा झाल्या तर कानामागून कवटी उघडून धमनी आणि नस यांच्यामध्ये टेफ्लॉनचा तुकडा ठेवता येतो. अमेरिकी न्यूरोसर्जन पीटर जॅनेटा यांनी रुळवलेली ही शस्त्रक्रिया थेट कारणावर काम करते आणि सहसा चेहऱ्याची संवेदना शाबूत ठेवते. मोठी शस्त्रक्रिया न झेपणाऱ्यांना गालातून सुई घालून गाठीपर्यंत उष्णता, ग्लिसरॉल किंवा छोटा फुगा पोचवतात, नाहीतर गॅमा नाइफने किरण देतात. यांत नसेला मुद्दामच थोडी इजा करतात, त्यामुळे गाल कायमचा बधिर होण्याची शक्यता असते.

रुग्ण चाळिशीच्या आतला असेल, कळ दोन्ही बाजूंना येत असेल किंवा कळ नसतानाही गाल बधिर राहत असेल, तर मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूतलं मायलिन झिजवणारा आजार) किंवा नसेवर दाबणारी गाठ असू शकते. एमआरआय न्यूरॅल्जियाच्या प्रत्येकच रुग्णाचा व्हावा, या रुग्णांचा तर आधी.