दोन तलवारींची लढत

दोन तलवारींची लढत : एकाच योद्ध्याने दोन्ही हातांत एकेक तलवार घेऊन लढण्याचा प्रकार. कादंबऱ्या, चित्रकथा, चित्रपट आणि संगणकावरील खेळ यांत तो सर्रास आढळतो. युद्धेतिहासात मात्र क्वचित. तो निव्वळ कल्पित आहे असेही नाही. जपान, इटली, चीन व भारत येथे त्याचे शिक्षण दिले जात असे, पण उपलब्ध पुरावा बहुतांशी द्वंद्व, आखाडा वा प्रात्यक्षिक यांचा आहे. रणांगणात डाव्या हाती ढाल, लगाम किंवा आखूड हत्यार असे. एकच तलवार दोन्ही हातांनी धरण्याचा प्रकार वेगळा. त्याच्याशी याची गल्लत करू नये. सव्यसाची हे अर्जुनाचे नावही येथे लागू पडत नाही, कारण ते दोन्ही हातांनी धनुष्य ओढण्याविषयी आहे.

प्राचीन उल्लेखांत रोमन आखाड्यातील ‘डिमाकेरस’ (ग्रीक शब्दार्थाने ‘दोन सुऱ्यांचा’) हा योद्धा नेहमी पुढे केला जातो. हे नाव मोजक्याच लेखांत येते आणि त्याचे म्हणून दाखवले जाणारे शिल्पांकन निर्विवाद नाही. त्यावरून रोमन सैन्यात अशी पद्धत होती असा निष्कर्ष काढता येत नाही.

शारीरिक मर्यादा : ‘दोन तलवारी पेलवत नाहीत’ हा नेहमीचा आक्षेप फारसा टिकत नाही. एकहाती तलवार साधारण ०·८ ते १·२ किग्रॅ. भरते आणि सरावाने ती डाव्या हातातही बसते. खरी अडचण खांद्यांची आहे. उजवा पाय व उजवा खांदा पुढे टाकून तिरपे उभे राहिले की उजव्या हाताची पोच वाढते, पण डावी तलवार खांद्यांच्या रुंदीइतकी, म्हणजे ३५ ते ४० सेंमी., मागे पडते. छाती समोर करून उभे राहिल्यास दोन्ही पाती पोचतात. मात्र उजव्याची पोच घटते आणि छाती-पोट उघडे पडते. शिवाय कमरेच्या एका वळणातून एकच जोरकस वार निघतो. दुसऱ्यासाठी कंबर उलट फिरावी लागते, म्हणून दोन्ही हातांचे पूर्ण ताकदीचे वार एकाच क्षणी पडत नाहीत. दोन तलवारींनी वार दुप्पट होतात ही समजूत येथेच कोलमडते. फायदा निराळा आहे : एका पात्याने वार अडवत असतानाच दुसऱ्याने मारता येते. एकच तलवार असणाऱ्याला आधी अडवून मग मारावे लागते.

अडवतानाही पात्याचा कोणता भाग लावला याला महत्त्व असते. परजेजवळचा (मुठीजवळचा) एक तृतीयांश भाग बळकट, अणीकडचा दुबळा. दोन्ही हातांनी हाणलेला वार एका हातातील तलवारीच्या अणीकडे झेलला, तर ती तलवारच उलटून अंगावर येते. अशा वेळी दोन्ही पाती फुलीसारखी धरून वार मधल्या बेचक्यात घेतात. पण तेवढा वेळ दोन्ही हत्यारे गुंतलेली राहतात. शिकाऊ माणसाच्या चुका ठरावीक असतात. पाती एकमेकांवर आपटतात. एक कोपर दुसऱ्या हाताखाली अडकते. उजव्याने वार करताना डावी अणी नकळत खाली जाते. घाबरल्यावर दोन्ही हात बचावालाच धावतात आणि मारायला एकही उरत नाही. लांब पल्ल्याच्या भाल्यासमोर किंवा बाणांसमोर दुसरी तलवार ढालीची जागा घेऊ शकत नाही. रांगेत खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या सैनिकाला तर ती शेजाऱ्यासाठीच धोक्याची.

यामुळे जेथे हा प्रकार टिकला तेथे बहुधा एक पाते लांब व एक आखूड अशी जोडी दिसते. आखूड पाते अंगाजवळ राहते, लांब पात्याच्या वाटेत येत नाही आणि प्रतिस्पर्धी बिलगला तरी चालवता येते.

जपान : या प्रकाराला प्रतिष्ठा दिली ती तलवारबाज मियामोतो मुसाशीने (सु. १५८४–१६४५). त्याच्या ‘नितेन इची-र्‍यू’ परंपरेत उजव्या हाती लांब कताना (पाते सु. ७० सेंमी.) व डाव्या हाती आखूड वाकिझाशी (पाते ३० ते ६० सेंमी.) असते. पद्धतीच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. देवळातील ढोल वाजवणाऱ्याच्या दोन टिपऱ्या पाहून ती सुचली, ही लोककथा. पोर्तुगीजांची तलवार-कट्यार पाहून ती घेतली असावी, असाही तर्क केला जातो. त्याचा दत्तक पुत्र इओरी याने १६५४ मध्ये कोकुरा येथे उभारलेल्या शिलालेखात तिसरी हकिगत आहे. मुसाशीचे वडील ‘जित्ते’ (आकडा असलेला लोखंडी दांडा) चालवण्यात निष्णात होते. जित्ते हे नित्याचे हत्यार नव्हे, तलवारी मात्र कमरेला दोन असतातच. म्हणून त्याने ते तंत्र दोन तलवारींवर आणले. लेख मृत्यूनंतर नऊ वर्षांचा व घरच्याच माणसाचा असल्याने त्यात गौरवाचा सूर आहे. तरी अन्य दोन मतांपेक्षा तो अधिक विश्वसनीय वाटतो. आकड्यात पाते अडकवून धरण्याची जित्त्याची कल्पना आखूड तलवारीच्या कामाशी जुळतेही.

मुसाशीचे स्वतःचे स्पष्टीकरण याहून व्यावहारिक आहे. अखेरच्या वर्षांत लिहिलेल्या ‘गोरिन नो शो’ या ग्रंथात तो म्हणतो, की घोड्यावर, धावताना, चिखलात, खडकाळ वाटेवर किंवा गर्दीत तलवार दोन्ही हातांनी धरता येत नाही. डाव्या हाती धनुष्य वा भाला असेल तेव्हाही नाही. म्हणून लांब तलवार एका हाताने चालवण्याची सवय लागावी, यासाठी दोन घेऊन सराव करावा. एका हाताने काम होत नसेल तर दोन्ही हात लावावेत, असेही तो सांगतो. दोन तलवारी येथे अंतिम युक्ती नसून मुख्यतः तालीम ठरतात. त्याच्या द्वंद्वांच्या परंपरागत कथांशी हे जुळते : १६१२ च्या सासाकी कोजिरोबरील लढतीत त्याच्या हाती वल्ह्यापासून केलेली एकच लाकडी तलवार होती असे सांगतात. या परंपरेत आज शिकवल्या जाणाऱ्या आकृतिबंधांतही (ठरावीक हालचालींच्या पाठांतही) लांब तलवारीचे १२, आखूड तलवारीचे ७ आणि दोन्हींचे केवळ ५ आहेत. केंडो या आधुनिक जपानी तलवारबाजीच्या खेळात प्रौढ पुरुषांची एकेरी बांबूची तलवार कमाल १२० सेंमी. व किमान ५१० ग्रॅ. असते, दोन घेणाऱ्याची लांब तलवार कमाल ११४ सेंमी. व किमान ४४० ग्रॅ., तर आखूड कमाल ६२ सेंमी. ठेवावी लागते. असे खेळाडू थोडेच असतात.

यूरोप : समान लांबीच्या दोन तलवारींचे सविस्तर पाठ इटलीत मिळतात. आकिले मारोत्सोच्या १५३६ च्या ग्रंथात त्यांवर प्रकरण आहे. जाकोमो दी ग्रास्सी (१५७०) आखाडा व द्वंद्व यांत या जोडीला मान्यता असल्याचे नोंदवतो, पण युद्धात ती वापरली जात नाही हेही स्पष्ट करतो. डावा हात उजव्याइतका तयार नसेल त्याने या वाटेला जाऊ नये, असा त्याचा रोख आहे. या जोडीच्या मुठी एका बाजूने सपाट करून दोन्ही पाती एकाच म्यानात बसवत, म्हणजे आपल्याकडची म्हण येथे लागू पडत नाही. चीनमधील जोडतलवारींची रचनाही अशीच असते. यूरोपात अधिक काळ टिकली ती लांब तलवार व डाव्या हातातील कट्यार ही जोडी.

महाराष्ट्र : येथे चर्चा दांडपट्ट्याभोवती फिरते. पट्टा चालवणारा तो पटाईत. या शब्दाचा ‘निष्णात’ हा अर्थ त्यावरूनच रूढ झाला. पट्ट्याची मूठ कोपराखालचा हात झाकणाऱ्या लोखंडी आवरणात असते. त्यामुळे मनगट वळत नाही. वार कोपर, खांदा आणि अंगाची गिरकी यांतून निघतो. पाते सुमारे १ मी. धरले तर हातासह फिरणाऱ्या वर्तुळाचा व्यास ३ मी.हून अधिक होतो. मोकळ्यावर, अनेकांनी घेरलेले असताना हे वर्तुळच संरक्षण देते. कोल्हापूरच्या मर्दानी खेळात दोन्ही हातांत पट्टे घेऊन केलेले फेक पाहिले की हे ध्यानात येते. अडचणीच्या जागी मात्र तोच व्यास आड येतो आणि हत्यार टाकून हात पटकन मोकळा करता येत नाही. पट्ट्याला २०२४ मध्ये राज्यशस्त्राचा दर्जा जाहीर झाला.

घोडखिंडीत (१३ जुलै १६६०) दोन्ही हातांत शस्त्रे परजून उभे असलेले बाजीप्रभू देशपांडे ही प्रतिमा मुख्यतः उत्तरकालीन काव्य, चित्रे व शिल्पे यांतून रुजली. खिंडीची अरुंदी शत्रूची संख्या निष्प्रभ करते, पण लांब पात्यांनाही आवळते. त्यामुळे ही प्रतिमा वर्णन म्हणून न घेता प्रतीक म्हणून घेणे बरे. याउलट अफजलखान प्रसंगाच्या (१० नोव्हेंबर १६५९) बखरकार कृष्णाजी अनंत सभासदाने दिलेल्या हकिगतीत तांत्रिक तपशील आहे. सय्यद बंडाच्या पट्ट्याचे वार शिवाजी महाराजांनी पट्टा व बिचवा (आखूड वाकडी कट्यार) यांची ‘कातर’ (कात्रीसारखी फुली) करून झेलले आणि जिवा महालाने त्याचा हात तोडला. बखर सु. १६९७ ची आहे, तरी लांब व आखूड पात्यांचे असे जुळवणे तंत्राला धरून आहे.

मणिपूरच्या थांग-ता कलेतही जोडतलवारी आहेत.

कल्पित कथांत : पडद्यावर हा प्रकार सोपा दिसतो, कारण तेथील पाती अनेकदा ॲल्युमिनियमची असतात. त्याची घनता (२·७) पोलादाच्या (७·८) सुमारे एक तृतीयांश असल्याने मनगटावर तलवार भिरभिरवता येते. विरोधक एकेक करून येतात आणि गिरकीत दिसणाऱ्या पाठीवर कोणी वार करत नाही. लेखक ज्या गोष्टी विसरतात त्या साध्या असतात : दोन्ही हात गुंतलेल्या माणसाला दार उघडता येत नाही, लगाम धरता येत नाही, जखम दाबता येत नाही. पाठीवर फुलीसारखी म्याने हा तर चित्रकारांचा लाडका प्रकार. खांद्यावरून तलवार उपसताना हात जितका वर जातो तितकेच पाते बाहेर येते. उरलेले टोक म्यानातच अडते. म्यान एका बाजूने अर्धे उघडे ठेवले तर ती निघते, परंतु न पाहता परत म्यान करणे धोक्याचेच राहते. कमरेला दोन्ही बाजूंना तलवारी असतील तर हात फुलीत आडवे नेऊन त्या उपसाव्या लागतात, आणि त्या क्षणी जवळ आलेला प्रतिस्पर्धी दोन्ही हात एका हाताने दाबून धरू शकतो.