पार्श्वभूमी: ‘प्रादेशिक’ बातम्यांचा प्रदेश कुठला?

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी नागपुरात रेडिओच्या बातम्या लिहायला लागलो. पहिल्याच पानावर गुरूंनी ‘प्रादेशिक’ या शब्दाखाली लाल रेघ ओढली. “कुठला प्रदेश रे बाप्पा?” मी म्हटलं, महाराष्ट्र. “मग मुंबईवाले कशाच्या बातम्या देतात?” म्हटलं, विदर्भ. “दाखव बरं, सरकारी नकाशात.” त्यांचं नाव इथे लिहीत नाही. बातमी वाचणाऱ्याचं नाव ऐकू येतं, लिहिणाऱ्याचं येत नाही, आणि ते त्यांना सोयीचं वाटे.

त्यांच्या प्रश्नाला कारण होतं. नागपूरचं रेडिओ केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं, तेव्हा हे शहर मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होतं. १९५३ मध्ये लखनौ आणि नागपूरहून प्रादेशिक बातम्या निघाल्या, तोवर प्रांताचं नाव मध्य प्रदेश झालं होतं. म्हणजे तो ‘प्रदेश’ अगदी शब्दशः होता, हिंदी आणि मराठी असा दोन्ही भाषांचा. जिल्ह्याच्या साहेबाला तेव्हा ‘डी.सी.’, डेप्युटी कमिशनर म्हणत. गुरू १९९३ मध्येही बोलताना ‘डी.सी.’च म्हणत आणि लिहिताना न चुकता ‘जिल्हाधिकारी’. हिंदीच्या शेजारामुळे आम्हा नागपूरकरांच्या हातून हमखास ‘पोलिसांनी कार्यवाही केली’ उतरे. ते ‘कारवाई’ करून पान परत देत.

पुढचा गुंता १९५५ चा. राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. शिफारस का डावलली, यावर आमच्याकडे आजही पानटपरीवर तास जातो. मी कुठल्या बाजूचा आहे हे या ओळींवरून कळत असेल, तर कळू द्या. रेडिओ केंद्र जागेवरच राहिलं, प्रदेश मात्र त्याच्या हातून निसटला. राजधानी गेली आणि बदल्यात, विदर्भाला मराठी राज्यात घेण्यासाठी नेत्यांनी केलेल्या नागपूर कराराने, हिवाळी अधिवेशन आलं. ‘प्रादेशिक’ हा शब्द कोणी बदलला नाही.

गुरूंनी त्यावर तोडगा काढला होता: बातमीत आधी जिल्हा, मग तालुका. ‘विदर्भ’ फक्त पाऊस, कापूस, संत्री आणि अनुशेष, म्हणजे विकासाची राहून गेलेली बाकी, यांच्यासाठी. १९९४ मध्ये तीन वैधानिक विकास मंडळं झाली: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. ‘उर्वरित’ हा शब्द टेलिप्रिंटरच्या कागदावर वाचून ते इतके हसले, की चहा बशीत सांडला. “म्हणजे मुंबई-पुणं उरलेलं, आपण मुख्य!”

बाकी शिकवण हाताची होती. पानाच्या एकाच बाजूला लिहायचं. वाक्य पुढच्या पानावर न्यायचं नाही. आकडा अक्षरी. टाचणी काढूनच पानं स्टुडिओत न्यायची, कारण पान उलटल्याची सळसळ माइक सोडत नाही.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरवली. पुढे नागपुरात खासगी एफएम आले, रात्रंदिवस बडबडू लागले, पण स्वतःच्या बातम्या द्यायला त्यांना बंदीच. २०१९ पासून त्यांना आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी लावता येतात, इतकंच. त्यामुळे शहरात इतके रेडिओ असूनही सक्करदऱ्यात पाणी का आलं नाही, हे व्हॉट्सअ‍ॅपवरच कळतं.

गुरू या एफएमच्या कितीतरी आधी निवृत्त झाले होते. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. दुसऱ्या दिवशी मी ‘अकोला जिल्ह्यातील मालेगाव’ लिहिलं. बातम्या संपून पाच मिनिटं झाली नसतील, फोन वाजला. “मालेगाव काल वाशीममध्ये गेलं. आणि हे पाहा, जिल्हा गाळून नुसतं मालेगाव लिहू नकोस, नाशिकवाले दचकतील.”