इंदूर पद्धत की बेंगळुरू पद्धत? खुराड्यातली घाण भाजीला घालण्याआधी

इंदूरजवळच्या राऊ, महू, सिमरोल या बाजूला ज्यांनी बिघा-दोन बिघे जागा घेऊन थोड्या कोंबड्या आणि थोडी भाजी सुरू केली आहे, त्यांच्या मागच्या कुंपणापाशी एक खड्डा हटकून असतो. खुराड्यातली विष्ठा, पालापाचोळा, सडकी भाजी, सगळं त्यात जातं. खड्डा भरला की वरून माती लोटायची. विचारलं तर उत्तर तयार असतं, "इंदूर पद्धतीनं कंपोस्ट करतोय." आपल्या गावाचं नाव असल्यामुळे सांगताना जरा छातीही फुगते.

पण खड्डा भरायचा, वरून लिंपायचा आणि सहा महिने तिकडे फिरकायचं नाही, ही इंदूर पद्धत नव्हेच. ती बेंगळुरूची.

घोळ का होतो ते कळतं. दोन्हींत खड्डा आहे, दोन्हींत थर आहेत, आणि शेतीच्या पुस्तकांत दोन्ही एकाच प्रकरणात लागोपाठ येतात. खड्डा खरं तर दोन्हींत दुय्यम. ढिगाला हवा मिळते की नाही, एवढ्यावर सगळं ठरतं. हवा मिळाली तर कुजणारा माल तापतो आणि भराभर मुरतो. हवा कोंडली तर तो थंडपणे, रेंगाळत, वास मारत कुजतो. शेवटी खत दोन्हींचं होतं. मात्र खुराडं आणि पालकाचा वाफा हाकेच्या अंतरावर असेल, तर कुठलं खत वापरतोय हे कळलंच पाहिजे.

इंदूर पद्धत जिथे जन्मली ती जागा आज आपलं कृषी महाविद्यालय म्हणून ओळखली जाते. होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर 1924 साली इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी राहिली आणि अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक झाले. कापसाची संस्था होती ती. पण हॉवर्डांचं लक्ष शेतात वाया जाणाऱ्या काडीकचऱ्याकडे गेलं. 1931 साली या कामावर जे पुस्तक निघालं, त्यावर त्यांच्या नावाशेजारी यशवंत वाड हे नाव आहे. हॉवर्ड पुढे जगभर गाजले, वाडांचं नाव इंदुरातल्या मराठी घरांतही फारसं कुणी घेत नाही. असो.

त्यांची कृती अशी. सुमारे दोन फूट खोल, रुंद खड्डा. त्यात काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेण, मग गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि थोडी राख, प्रत्येक थरावर पाणी. मग पुन्हा काडीकचरा. माल तुडवायचा नाही, पोकळ राहू द्यायचा. साधारण पंधरा दिवसांनी पहिली पलटी, महिन्याने दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी, आणि तीन महिन्यांत खत. पावसाळ्यात खड्डा बाद, जमिनीवरच ढीग घालायचा. माळव्याच्या काळ्या मातीत पाणी जिरत नाही, जुलैतल्या खड्ड्याचं डबकंच होतं. ज्यानं ही पद्धत बसवली त्यानं इथला पावसाळा बघितला होता, हे या एका गोष्टीवरून कळतं.

बेंगळुरू पद्धत डॉ. सी. एन. आचार्य यांनी 1939 च्या सुमारास बसवली, आणि ती शेतकऱ्यासाठी नव्हे तर शहरासाठी. शहराचा कचरा आणि मैला यांचं करायचं काय, हा तिथला प्रश्न होता. सुमारे तीन फूट खोल चर, कचरा आणि मैला यांचे आलटून पालटून थर, आणि वरून माती. पहिले आठ-दहा दिवस आत उरलेल्या हवेवर माल तापतो, मग हवा संपते आणि पुढचं सगळं काम हवेविना, मंद गतीनं चालतं. सहा ते आठ महिने लागतात. पलटी नाही, वरचेवर पाणी नाही, मजूर नाही. झाकलेलं असल्यामुळे नत्रही कमी उडतं. म्हणजे ही पद्धत हलकी अजिबात नाही, फक्त तिचं काम वेगळं आहे.

गंमत म्हणजे इंदूर शहराचा आजचा ओला कचरा इंदूर पद्धतीनं मुरतच नाही. देवगुराडियाला 2022 साली सुरू झालेला, रोज 550 टन ओल्या कचऱ्याचा बायो-सीएनजी प्रकल्प हवा कोंडूनच चालतो, कारण गॅस मिळवायचा असेल तर हवा कोंडावीच लागते. पिंडाने तो बेंगळुरूच्या जवळचा.

आता कोंबड्या. एक मोठी कोंबडी दिवसाला साधारण शंभर ग्रॅम ओली विष्ठा टाकते. वीस कोंबड्या असतील तर वर्षाकाठी सात क्विंटलच्या वर. शेणाच्या मानाने तिच्यात नत्र पुष्कळ जास्त, म्हणून ती ताजी घातली की रोपं करपतात. दुसरं, तिच्यात साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात, आणि पालक, मेथी, कोथिंबीर यांची पानं मातीला टेकलेली असतात. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत कच्चं शेणखत किंवा कोंबडीखत घातल्यावर अशा पिकाच्या काढणीपर्यंत 120 दिवस जाऊ द्यावे लागतात. मेथी महिन्याभरात कापायला येते, तेव्हा हिशेब तुम्हीच करा.

इथे इंदूरचा ढीग कामाला येतो. नीट रचलेला ढीग दोन-तीन दिवसांत 55 ते 65 अंशांपर्यंत तापतो. ही उष्णता काही दिवस टिकली आणि पलटीत बाहेरचा माल आत गेला, की बहुतेक रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. बंद खड्ड्यात सुरुवातीची ऊब लवकर ओसरते, त्यामुळे ही खात्री तिथे मिळत नाही. तापमापी नसली तरी अडत नाही. लोखंडी सळई ढिगाच्या पोटात खुपसून पाच-दहा मिनिटांनी ओढायची. हातात धरवत नसेल तर ढीग बरोबर चालला आहे. कोमट लागली तर पाणी कमी पडलंय किंवा माल दाबला गेलाय. थंडीत सकाळी पलटी करताना ढिगातून एवढी वाफ निघते की शेजारची सूनबाई कुंपणापलीकडून ओरडते, "काका, ढीग पेटला हो!" तेव्हा तिला बोलवून सळई हातात द्यावी.

हॉवर्डांची कृती कोंबड्यांना मात्र जशीच्या तशी लागू करू नये. त्यांच्यासमोर गोठा होता, खुराडं नव्हतं. शेणाच्या मापानं विष्ठा घातली तर ढिगाजवळ डोळे चुरचुरतात. तो अमोनिया असतो, म्हणजे तुमचं नत्र हवेत चाललेलं असतं. कोरडा माल सढळ हातानं घ्या: ओल्या विष्ठेच्या एका टोपलीला गव्हाचा भुसा, सोयाबीनचं कुटार किंवा वाळला पाला मिळून तीन टोपल्या. नरवाई, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेली धसकटं, जाळण्यापेक्षा तिचा हा उपयोग शंभर पटीनं बरा. खुराड्यात भुशाची गादी असेल तर निम्मं काम कोंबड्यांनीच उकरून केलेलं असतं, तेव्हा कोरडा माल थोडा कमी चालतो. राखेचा हातही आखडता ठेवा, आणि चुना तर नकोच. राख आणि चुना विष्ठेतला अमोनिया आणखी उडवतात. मेलेली कोंबडी ढिगात टाकू नये, ती लांब, खोल पुरावी.

मग बेंगळुरूचा खड्डा बुजवायचा का? नाही. एप्रिल-मेमध्ये बोअर आटतं, ढिगावर शिंपडायला पाणी नसतं, आणि पलट्या मारायला माणूस मिळत नाही. अशा वेळी माल चरात घालून झाकलेला बरा. हे खत आंबा, पेरू, शेवगा यांच्या आळ्यात घाला, फार तर मांडवावर चढणाऱ्या गिलकी-दोडक्याला लागवडीच्या बऱ्याच आधी. पालेभाजीला आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या मुळा-गाजराला नको. लिंपण नुसत्या काळ्या मातीचं केलंत तर उन्हानं त्याला बोटभर भेगा पडतात आणि माशा आत जातात. मातीत शेण आणि भुसा कालवा, आणि तरीही आठवड्याला एकदा भेगा बुजवत चला. पावसाआधी चराभोवती बांध घालायला विसरू नका.

या दोन्हींत आणखी एक नाव मिसळतं ते नाडेपचं. यवतमाळ जिल्ह्यातले नारायण देवराव पांढरीपांडे यांची ती विटांची टाकी. तिला भोकं असतात, म्हणजे हवा आहे, पण पलटी नाही. मजूर मिळत नसतील आणि विटांचा खर्च परवडत असेल तर ती चांगली. पण कोंबडीखतासाठी मी पलटीवर जास्त विश्वास ठेवतो, कारण टाकीच्या कडेचा माल आतल्याइतका तापत नाही.

कुणी तयार खत आणून दिलं आणि ते कुठल्या पद्धतीचं हे विचारायची सोय नसली, तर मूठभर हातात घ्या. हवेशीर मुरलेलं खत भुसभुशीत, काळपट तपकिरी असतं आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. बंद खड्ड्यातलं ओलं, चिकट, काळंशार, आणि गटाराची आठवण करून देणारं. ते सावलीत आठवडाभर पसरून, दोन-तीनदा हलवून घेतल्याशिवाय वापरू नये. शंका राहिलीच तर निम्मं खत, निम्मी माती कुंडीत भरून चिमूटभर मेथी टाका. चार-पाच दिवसांत ती एकसारखी, हिरवी उगवली तर खत मुरलंय. तुरळक उगवली किंवा शेंडे पिवळे पडले, तर आणखी तीन आठवडे थांबायचं. हजार चौरस फुटांच्या वाफ्यांना असं मुरलेलं दोन क्विंटल खत एका हंगामाला पुरतं.