‘लाइकली’ म्हणजे नेमके किती?

मृग लागला की नागपुरात सकाळच्या वर्तमानपत्रातली पहिली नजर हवामानाच्या चौकटीकडे जाते. कपाशीची पेरणी आज करावी की चार दिवस थांबावे, हे ज्याला ठरवायचे आहे, त्याच्यासाठी तेथील ‘शक्यता’ हा शब्द बियाण्याच्या पिशवीइतका महाग असतो. तो बहुतेक वेळा हवामान खात्याच्या इंग्रजी पत्रकातल्या ‘लाइकली’चा अनुवाद असतो, आणि घोळ तेथूनच सुरू होतो.

अनिश्चितता सांगणारे इंग्रजी शब्द मुळात अनिश्चिततेचे नव्हतेच. जुन्या इंग्रजीत ‘मे’ सामर्थ्य दाखवीत असे आणि ‘कॅन’चा अर्थ जाणणे असा होता, लॅटिनमधून आलेला ‘प्रॉबेबल’ आधी ‘मान्य होण्याजोगे’ या अर्थाचा होता, त्याला गणिताचा रंग सतराव्या शतकात चढला. १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झाले, तेव्हा कचेऱ्यांतून येथे रुजलेली इंग्रजी ही अशी बरीच वळणे घेऊन आलेली होती.

शब्दामागे आकडा हवा, ही मागणी मात्र विसाव्या शतकातली आहे. १९५१ मध्ये एका अमेरिकी गुप्तवार्ता अहवालात युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची ‘सीरियस पॉसिबिलिटी’, म्हणजे गंभीर शक्यता, असल्याचे म्हटले गेले. पुढे तो तयार करणाऱ्यांनाच विचारले, तेव्हा कोणाच्या मनात २० टक्के निघाले, तर कोणाच्या ८०. ही हकिगत १९६४ मध्ये लेखरूपात आली, आणि तिच्यासोबत शब्दाशेजारी टक्केवारी मांडणारा तक्ताही आला, जो भाषेच्या सौंदर्याला जपणाऱ्या सहकाऱ्यांना रुचला नव्हता.

तक्त्याची कल्पना टिकली, पण तक्ता एक राहिला नाही. हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांनी २००१ च्या अहवालात ‘लाइकली’साठी किमान ६६ टक्के ही रेघ ओढली. आपल्याकडील दैनंदिन अंदाजात मात्र ‘लाइकली’ म्हणजे २५ ते ५० टक्के, ‘व्हेरी लाइकली’ ५० ते ७५ आणि ‘मोस्ट लाइकली’ त्याहून अधिक. म्हणजे एकाच शब्दाने एका कागदावर पाऊस पडण्याकडे कल दाखवायचा आणि दुसऱ्यावर न पडण्याकडे! दैनंदिन अंदाजासाठी अशी उतरंड सोयीची असेलही. परंतु ‘लाइकली’ वाचून इंग्रजी वाचक बहुधा निम्म्याहून अधिकच धरतो, त्यामुळे पन्नाशीच्या खालच्या पायरीला हेच नाव देण्याचा निर्णय समर्थनीय वाटत नाही. त्यातच ‘तुरळक ठिकाणी’ हा शब्दप्रयोग पाऊस किती भागात पडेल ते सांगतो, पडेल की नाही ते नव्हे. वाचणारा दोन्ही गोष्टी एकत्र करून अर्थ लावतो.

मराठीत या पायऱ्या उतरवताना ‘शक्यता’, फार तर ‘दाट शक्यता’, एवढ्यावरच भागवले जाते. वास्तविक ‘पाऊस आला असेल’ हा नुसता तर्क आणि ‘पाऊस आला असावा’ हे ओली माती पाहून बांधलेले अनुमान, हा फरक आपले क्रियापद एका प्रत्ययाने दाखवते. सायंकाळी पश्चिमेकडे आभाळ भरून आले की नागपूरकर सहज म्हणतो, ‘पाणी येते वाटते’. त्या ‘वाटते’तच अंदाज बोलणाऱ्याचा आहे, ही कबुली असते. छापील चौकटीत तसा बोलणारा कोणी दिसत नाही, उरते ती फक्त ‘शक्यता’.